इंजिनात घातलेलं करडीचं तेल

मोटारीतलं बायकांना काय कळतंय, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते. मला थोडं कळत होतं, आणि त्या थोड्यानंच माझ्या नवऱ्याचं वाटोळं केलं.

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझा नवरा आमचं गाव मादन हिप्परगा ते आळंद अशी प्रवासी मोटार चालवायचा. मोटार आळंदच्या एका अडत्याची, पण रोज मुक्कामाला आमच्या दारात. कुण्या जहागीरदाराची जुनी गाडी मागून लांबवून फळ्या ठोकलेल्या, आणि नाकाखाली लष्कराच्या मोडीतून आणलेलं डिझेल इंजिन. ह्यांना ना शेत, ना अक्षरओळख. होतं ते एक लायसन. निजामाच्या काळात हैदराबादेत साहेबाला शेजारी बसवून मोटार चालवली आणि मिळवलं. तो कागद गेला की आपण नुसते पोती उचलणारे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं.

लग्नानंतर त्यांनी मला एक काम लावून दिलं. सकाळी इंजिनातली मापाची सळई काढायची, पुसायची, परत घालून बघायची, आणि ऑइल खुणेच्या खाली असलं तर डब्यातलं ओतायचं. मला भारी हौस. गल्लीतल्या बाया सडा टाकायच्या तेव्हा मी इंजिनावर ओणवी. सासू म्हणायची, "बया, हिला मोटारीलाच द्यायचं होतं की, माझ्या लेकाला कामून दिली?"

माझं माहेर कडगंचीचं, तेलाच्या घाण्याचं घर. आमच्यात एक रीत होती. तेलाचं भांडं रिकामं ठेवायचं नाही, आणि तेल संपलं असं तोंडातून काढायचं नाही. तळ दिसू लागला की बोभाटा न करता भरायचं. आईनं हे इतकं अंगी लावलं होतं की रिकामं भांडं बघितलं की माझा हात आपोआप तेलाकडं जायचा. मोटारीचं ऑइल यायचं सोलापूरहून, कधी वेळेवर, कधी महिनाभर नाहीच. एके सकाळी डब्याचा तळ दिसला. मी माहेरहून आलेलं करडीचं तेल त्यात ओतलं. काळ्या गाळात ते मिसळून गेलं, वरून काही कळेना. खरं सांगते, इंजिनाचं आपण भलंच करायलोय असं मला वाटत होतं. ते घाण वासाचं काळं ऑइल कुठं आणि आमच्या घाण्याचं तेल कुठं. भाजीला चालतं, दिव्याला चालतं, बाळंतिणीच्या अंगाला चालतं, मग लोखंडाला कामून चालू नये? तीन महिने मी हाच उद्योग केला. ह्यांना वाटायचं, अडत्या डबा भरून धाडायलाय.

मग मोटार धूर ओकायला लागली. आधी निळा, नंतर काळाकुट्ट. सकाळी हॅण्डल मारून मारून ह्यांचे खांदे भरून यायचे. चढ आला की माणसं खाली उतरून चालायची आणि मोटारीच्या आधी वर पोचायची. शेवटी ह्यांनी चार दिवस फेऱ्या बंद ठेवल्या आणि अंगणातच इंजिन उघडलं.

आत जाडच्या जाड काजळी. कोरडी असती तर खरवडून निघाली असती. ही ओली, चिकट, बोटाला लागली की बोट सोडेना. पिस्टनच्या रिंगा खाचेत गच्च बसलेल्या. रिंग दाबली की उसळली पाहिजे, तरच इंजिन जोर धरतं, असं ह्यांनी मला दाखवलं. आम्ही दोघं दिवसभर घासत बसायचो. रॉकेलात भिजवलं, राख लावली, लोखंडानं ओरखडे पडतील म्हणून बांबूच्या कामट्या करून खाचा कोरल्या. माझ्या हाताचा काळा रंग भाकरीला लागायचा. सासूनं मला चुलीपासून उठवलं. एवढं करून सहा रिंगांतल्या दोन सुटल्या.

चौथ्या दिवशी मोटा शिवणारे म्हातारे अप्पा आले. विहिरीचं पाणी ओढायच्या चामड्याच्या मोटा तेच शिवायचे. त्यांनी पिस्टन उचलला, वास घेतला, अंगठ्यानं दाबून बघितलं.

"अण्णा, हे रोगण हाय की," ते म्हणाले. "करडीचं तेल तापवून तापवून आमी असंच करताव, मोटंच्या शिवणीत भराया. एकदा बसलं की निघत न्हाई. तुमच्या इंजनात कुणी घातलं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग अप्पांना वाटेला लावून परत आले.

"व्हय, मी घातलं," मीच म्हणाले. "डब्याचा तळ दिसायला होता."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"आमच्यात तसं बोलत न्हाईत."

ते हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. "बरं, घाण्याची लेक केली मी, मलाच कळाया पायजे होतं," म्हणाले, आणि परत कामटी हातात घेतली. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या इंजिनाच्या नव्या रिंगा सोलापुरातही मिळेनात. आळंदच्या बाजाराचा दिवस आला, अडत्यानं माणूस धाडला, मोटार निघालीच पाहिजे म्हणून. ह्यांनी इंजिन तसंच जोडलं, ताजं ऑइल भरलं, पण खालचा गाळ सगळा निघाला नव्हता. ओढ्याच्या चढाला इंजिन निम्म्यात मेलं. ब्रेक लागेपर्यंत मोटार मागं सरकत जाऊन बाभळीवर आदळली. एका म्हातारीचा हात मोडला.

तिसऱ्या दिवशी कलबुर्गीहून मोटारी तपासणारे साहेब जीपमधून आले. मोटार बैल लावून आमच्या दारात आणली होती. अंगणात निम्मं गाव. म्हातारीचे लेक उभे होते, सासू-सासरे उभे होते. माझा भाऊही नेमका त्याच दिवशी कडगंचीहून तेलाचा डबा घेऊन आला होता. साहेबांनी खालचा बोल्ट काढायला लावला, गाळ बोटावर घेतला, चोळला, हुंगला.

"ये तो खाने का तेल है. किसने डाला?"

अप्पा मान खाली घालून उभे होते. मी दारात, पदर दातात धरून.

"मैंइच डाला साब," हे म्हणाले.

"कायकू?"

"अक्कल नइं थी साब."

असल्या ड्रायव्हरच्या हाती मी माणसं देणार नाही, असं साहेब म्हणाले आणि लायसन मागितलं. ते आणायला मलाच आत जावं लागलं. मी आणून दिलं.

ते परत मिळालं नाही. हे आळंदला त्याच अडत्याकडं पोती उचलायला लागले आणि हातपाय चालेपर्यंत तेच केलं. आमच्या वाटेवरून पुढं सरकारी बस धावायला लागली, तिच्यात ते कधी बसले नाहीत. चालत जायचे, चालत यायचे.

त्या दिवशी मी बोलले असते तर लायसन वाचलं असतं की नसतं, देव जाणे. न सांगता बायकोनं घातलं, ह्याला ठाऊक नव्हतं, एवढं ऐकल्यावर साहेबांनी चार शब्द सुनावून सोडून दिलंही असतं. मला भीती वाटली ती साहेबांची नव्हती. भाऊ समोर होता. आमच्या घाण्याच्या तेलानं मोटार बुडाली असं साऱ्या गावासमोर निघालं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. ह्यांनी ते ओळखलं होतं, म्हणून पुढं झाले. आणि मी त्यांना होऊ दिलं. माझं काय जाणार होतं? काढून घ्यायला माझ्याकडं लायसनच नव्हतं.