अनवाणी बॅले

"सर, पायातलं काढा. मंगच वरतं चढा."

नामदेवभाऊ स्टेजच्या पायरीवर उभे होते. सभागृहाची देखभाल तेच करतात. सकाळी त्यांनी रंगमंचाची, त्यांच्या भाषेत पटाची, पूजा केली होती, नारळ फोडला होता. प्रेक्षक येऊन बसले होते. आणि आम्ही दोघं, मी आणि माझी विद्यार्थिनी करुणा, बॅलेचे बूट घालून खाली उभे.

मी बॅले शिकवतो. चंद्रपूरला माझा क्लास आहे. बॅले म्हणजे पाश्चात्त्य नृत्य, त्याचा सराव एक दांडा धरून करतात. त्या दांड्याला बार म्हणतात. आमच्या भागात पालकांना हा शब्द नीट समजावून सांगावा लागतो. नाहीतर ते पोरीला परत घेऊन जातात.

कार्यक्रम नागभीडला होता, माझ्याच गावात. पहिल्या रांगेत मुंबईहून आलेल्या मॅडम बसल्या होत्या. त्या एका मोठ्या नृत्यशाळेत शिकवतात. पूर्णवेळ शिक्षणासाठी करुणाला घ्यायचं की नाही, हे त्या आमचं नृत्य पाहून ठरवणार होत्या. करुणाच्या आईनं, सुशीलाबाईंनी, मला आधीच बजावलं होतं, "निवड झाली तं धाडू, सर. नाई तं नर्सिंगचा फॉर्म भरून टाकू." त्या आशासेविका आहेत. एकदा बोलल्या की बोलल्या.

"भाऊ, हे चप्पल नाई," मी म्हणालो. "नाचाचा बूट हाय. रस्त्यावर कधी घालत नाई."

"तळ कायचा हाय?"

तळ चामड्याचा होता.

"तुमचे बाबा याच पटावर दंडार नाचले," नामदेवभाऊ म्हणाले. "थे तं पायतण पार बाहेर काढून येत."

हे खरं होतं. दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. बाबा त्यात हौसेनं नाचायचे. मुंबईत मी पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिलो तेव्हा ते इतक्या लांबून पाहायला आले. नाच कसा झाला यावर अक्षरही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "बूट घालून काऊन नाचलास बा?"

बॅलेचं आणि माझं लग्नासारखंच झालं. आधी वेड लागलं. कॉलेजातला मिसरूड फुटलेला मी, सात-आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभा राहून शिकलो. मग भांडणं सुरू झाली. उशिरा आलास, पाय उघडत नाहीत, मागच्या रांगेत राहा. बरीच वर्षं मी मागच्या रांगेतच नाचलो आणि बॅलेला मनातून शिव्या घातल्या. गुडघा गेला तेव्हा सुटलो असं वाटलं. पण चंद्रपूरला येऊन पोरींना शिकवायला लागलो आणि पुन्हा जीव जडला. फक्त एक नियम मी मुंबईहून जसाच्या तसा आणला होता: बुटाशिवाय बॅले नाही.

"सर, तुमीच तं म्हणता, बुटाशिवाय नाचाचं नाई," करुणा कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता.

तिची भीती खरी होती. गिरकी घेताना पाऊल लाकडावर सरकावं लागतं. अनवाणी पायाची कातडी लाकडाला चिकटते. अंग फिरतं, पाय फिरत नाही, आणि गुडघा मुरगळतो. ते मला कोणी सांगायला नको.

ट्रस्टच्या सेक्रेटरींना एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण नामदेवभाऊंनी सकाळी तो पट स्वतः पुसला होता. त्यांना बाजूला सारून वर चढायचं माझ्या जिवावर आलं. मी खाली बसून बूट काढले.

"तीन गिरक्या सोड," मी करुणाला सांगितलं. "एकच घे. आणि पायाला काहीतरी पावडर लागेल."

"पावडर?" नामदेवभाऊ म्हणाले. "थांबा." ते शेजारच्या खोलीत गेले आणि कॅरमची पावडर घेऊन आले.

"हे चालते का पटावर?"

"चालते नं. याच्यात चामडं कुठी हाय?"

आम्ही तळपायांना कॅरमची पावडर चोळली, पटाला हात लावून नमस्कार केला आणि वर गेलो.

पायाखाली फळी लागली आणि मला एकदम बाबा आठवले. डोळे भरून आले. करुणाला उचललं तेव्हा पायाच्या बोटांनी लाकूड घट्ट धरलं, बुटात असं कधी धरता आलं नव्हतं. मग तिची गिरकी आली. एक घे म्हटलं होतं, करुणाबाईंनी दोन घेतल्या. दुसरी अर्ध्यात अडखळली. पण तिनं बोटं पसरली, टाच सावरली आणि एका पायावर उभी राहिली. डुलली, पण पडली नाही. लोकांनी भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या.

नंतर मॅडम तर्रीपोहे खात शांत बसल्या होत्या. सुशीलाबाई त्यांच्यासमोर पदर पिळत उभ्या.

"मुलीला पाठवा," मॅडम म्हणाल्या. "तोल गेला तेव्हा तिचं पाऊल काय करतं ते नीट दिसलं. बुटात हे झाकलं जातं."

"म्हंजे झाली का निवड?"

"झाली."

सुशीलाबाई तिथंच खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. नामदेवभाऊंनी त्यांना पाणी दिलं. मला इतका आनंद झाला की मी परत एक प्लेट पोहे घेतले.

तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, तुमचं डावं पाऊल आत पडतं, घोट्यातून आतल्या बाजूला कलतं. फार वर्षांपासून पडत असणार. कोणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? मागच्या रांगेतल्या माणसाचे पाय कोणी पाहत नाही, आणि सरांचे पाय पाहायची विद्यार्थ्यांची हिंमत नसते.

मुंबईला जाईपर्यंत करुणा क्लासला येत राहिली. बारवरचा सराव आता आठवड्यातून एकदा सगळे अनवाणी करतात, मीसुद्धा. ती माझ्या डाव्या पायासमोर मांडी घालून बसायची आणि भर वर्गात ओरडायची, "सर, पडलं पाहा आत!"

शिक्षकानं अधूनमधून बूट काढावेत. पाऊल सुधारेलच असं नाही, माझं अजून सुधारलेलं नाही. पण पोरी त्या दिवशी क्लास चुकवत नाहीत.