डोळे असलेल्या दोन कप्प्या

समस्त रसिकजनांस, वैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्याही, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की आमच्या गावच्या राणीने मिशी ठेवायला सुरुवात केली होती.

हसू नका. प्रसंग गंभीर होता. तेव्हा आमचा जिल्हा चांदा, गडचिरोली हे त्यातलं एक तहसिलीचं ठिकाण आणि आमचं गाव त्या तहसिलीतल्या एका तलावाच्या काठी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची, आणि मंडईला नाटक नसेल तर पाहुणे जेवून तोंड वाकडं करून परत जायचे. बायकांची कामं पुरुषच करीत. आमची राणी म्हणजे तलावात जाळं टाकणारा एक ढिवर गडी. खांदे रेड्यासारखे, पण लुगडं नेसून उभा राहिला की गावातल्या बायका पदर कसा घ्यावा ते त्याच्याकडून शिकायच्या. शेवटच्या अंकात तो विष पिऊन इतका सुंदर मरायचा की आजूबाजूच्या सात गावांत तसं मरणारं कुणी नव्हतं.

मी पडदा ओढायचो. पडदा म्हणजे रंगवलेलं जड कापड, खाली आडवा बांबू, वर दोन टोकांना दोन लाकडी कप्प्या आणि त्यांवरून दोन दोर. दोर सोडला की पडदा उलगडत खाली यायचा. आदल्या वर्षी उजवी कप्पी चिरली आणि दोर अडकला. पडदा डावीकडून एकदम सुटला आणि बांबूचं टोक मेलेल्या राणीच्या नाकावर आपटलं. राणी हलली नाही. नाकातून रक्त आलं तरी हलली नाही. मेलेल्या माणसानं हलायचं नसतं, म्हणाली. पण ते दुसऱ्या दिवशी.

यंदाच्या पहिल्या तालमीला तो आला आणि म्हणाला, "भाऊ, कप्प्या बदल. नाई तं मी मरत नाई."

"अरे, राणी मेल्याशिवाय नाटक संपन कसं?"

"ते तू पाह्य. आजपासून मी मिशी ठेवून राह्यलो. कप्प्या आल्या का भादरतो."

हातात महिनाभर होता. मिशी रोज वाढत होती.

आधी मी गावच्या लोहाराकडे गेलो. "बैलबंडीच्या चाकाले धाव चढवतो मी," तो म्हणाला, "तुही कप्पी म्हणजे काय मोठी गोष्ट?" त्याने लोखंडी पट्टी तापवली, ठोकून गोल केली, आत आऱ्या बसवल्या, मधे भोक पाडलं. भोक मधे नव्हतं. कप्पी फिरायची ती लंगड्या म्हशीसारखी, आणि अशी केकाटायची की पहिल्या फिरतीला लोहाराचं कुत्रं पळून गेलं. शिवाय पट्टी सपाट, तिला खाच नाही, त्यामुळे दोर घसरून बाजूला पडला.

"दोर बदल," लोहार म्हणाला. "तुहा दोरच मूर्ख हाय."

राणी ओट्यावर बसून पाहत होती. तिने ओठावरून बोट फिरवलं आणि उठून गेली.

मग मी वरोऱ्याला निघालो. तिथे कापसातली सरकी काढायचे कारखाने, म्हणजे जिन होते, जिनांना वर्कशॉप होती आणि वर्कशॉपात खराद होता. खरादावर लोखंड फिरतं आणि हत्यार त्याला खरवडून हवा तसा गोल आकार देतं, एवढं मी ऐकून होतो. वैनगंगा डोंग्याने ओलांडली, मोटारीने चांदा गाठलं, तिथून रेल्वे. वर्कशॉपातला मिस्त्री तेलाने इतका काळा झाला होता की आधी मी मशीनलाच नमस्कार केला.

"ड्रॉइंग कुठी हाय?" त्याने विचारलं.

मी जमिनीवर बोटाने एक गोल काढला. त्याने तो गोल बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"किती नग पायजेत?"

"दोन."

"दोन नगांसाठी खराद लावला तं मालक मलेच खरादावर चढवन. शंभर घेता काय?"

"शंभर कप्प्यांचं मी काय करू, भाऊ?"

"पन्नास पडदे लावा!" आणि तो स्वतःच्याच विनोदावर एवढा हसला की दोन मशीनींवरची माणसं काम टाकून हसायला आली. वर म्हणाला, "कापसाचा हंगाम हाय. शिमग्यानंतर या."

शिमग्यापर्यंत आमच्या राणीची मिशी कानापर्यंत गेली असती. पण माणूस दिलाचा चांगला. मला चहा पाजला आणि सांगितलं, "दोनच पायजेत तं ठोकू नका, खरादू नका. ओतून घ्या. पितळ घ्या, ते केकाटत नाई. भोक आणि खाच ओततानाच येऊ द्या."

ओतायचं म्हणजे ओतारी. धानोऱ्याच्या रस्त्याला, जंगलात एक म्हातारा ओतारी होता. तो देव ओतायचा, घोडे, घंटा, दिवे ओतायचा. आधी मेणाची वस्तू करायची, तिच्यावर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं आणि मग माती फोडायची. पडदा ओढायची कप्पी त्याने जन्मात पाहिली नव्हती. तरी त्याने मला जे विचारलं ते लोहाराने विचारलं नव्हतं आणि वरोऱ्याच्या मिस्त्रीनेही नाही.

"पडदा किती जड? दोर किती जाड? ओढते कोण?"

"मी."

त्याने माझे दंड चाचपले. "मंग हलकी फिरली पायजे," म्हणाला.

तिथेच मी ठरवलं, काम यालाच द्यायचं.

"पण दोन्ही सारख्या पायजेत, बाबा."

"माती एकदा फोडली का गेली. सारखी वस्तू माह्या हातून दोनदा निघत नाई. पण भोक सारखं करतो." त्याने दोन्हींसाठी एकच काडी वापरली, काडीभोवती मेणाच्या दोऱ्याचे मोजून तेवढेच वेढे दिले, आणि दोन्ही मेणं तागडीत समोरासमोर ठेवून तोलली.

आठ दिवसांनी त्याने पळसाच्या पानांची पुडी हातात ठेवली. कप्प्या देखण्या होत्या. खाच नेमकी, भोक मधोमध. आणि दोन्हींच्या गालांवर दोन-दोन टपोरे डोळे.

"बाबा, कप्पीले डोळे काऊन?"

"दोघींनी एका टायमाले वजन उतरवायचं. एकमेकीले पाह्यल्याशिवाय कसं जमन?"

मी पुडी पुन्हा बांधली आणि घरची वाट धरली.

घरी येऊन मी पुडी कोनाड्यात ठेवली आणि थकून झोपलो. सकाळी उठलो तो कप्प्यांना हळद-कुंकू, समोर तांदूळ, आणि गल्लीतल्या बायका रांगेत. माझी माय दारात आडवी उभी. "देवाच्या गळ्यात दोर बांधतो काय? लाज नाई वाटत?"

"माय, त्या कप्प्या हायेत!"

"कप्प्यांले डोळे असतात काय रे?"

मंडईचा दिवस उजाडला तरी कप्प्या कोनाड्यातच. दुपारी राणी आली. मिशी आता भरघोस, टोकं वळलेली. तिने सगळं ऐकून घेतलं, मग शांतपणे मायकडून हळद मागितली, दोन्ही दोर ओले करून हळदीने पिवळेधम्मक माखले आणि म्हणाली, "काकू, हा दोर नाई, हार हाय. देवाले हार घालाले कोण नाई म्हणते?"

माय विचारात पडली. मग स्वतःच्या हाताने तिने देवांना हार घातले. मी हारांसकट कप्प्या पडद्याच्या वर चढवल्या आणि अर्ध्या तासात राणी न्हाव्यासमोर बसली.

आमचं नाटक संपता संपता उजाडायचं. त्या दिवशीही पूर्वेला लाल झालं होतं. राणी विष प्यायली, डोलली, कोसळली. राजा छाती बडवू लागला. पटांगणात बायका मुसमुसत होत्या. मी दोर सोडला. वर पितळेचे डोळे त्या लाल उजेडात चमकले आणि पडदा निघाला. आवाज नाही, हिसका नाही. मेलेल्या राणीचा एक डोळा उघडा होता आणि तो बांबूवर खिळला होता. बांबू छातीइतका आला, गुडघ्याइतका आला, आणि नाक फुटूनही न हललेली आमची राणी ताडकन उठून बसली, आणि सात गावांसमोर भसाड्या मर्दानी आवाजात ओरडली, "अगा भाऊ, सरळ येऊन राह्यला! दोन्हीकून सरळ येऊन राह्यला!"