लाल पेन्सिलीतलं शिवार

अक्षरं माझ्याशी कधी नीट वागली नाहीत. वाचायला बसले की ती जागा बदलतात. शाळेत मला 'ढ' म्हणत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. डिस्लेक्सिया हा शब्द कॉलेजात कळला. तोवर ऐकून, चित्रं काढून मी कृषीची पदवी गाठत आणली होती.

पुढे एका कापूस संशोधन केंद्रात तात्पुरती लागले. राळेगाव तालुक्यातलं माझंच गाव माझ्याकडे आलं. दर आठवड्याला शेतोशेत फिरून डोमकळ्या मोजायच्या. गुलाबी बोंडअळी आत शिरली की कपाशीचं फूल नीट उमलत नाही, मिटूनच राहतं, ती डोमकळी. मोजताना मी रेघा मारायची, त्या बरोबर असायच्या. पण तक्ता भरताना माझी बोंब. बाराचे एकवीस व्हायचे, एका शेताचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात. तिसऱ्यांदा चुकल्यावर साहेब शांतपणे म्हणाले, "असं चालणार नाही, मॅडम. पुढच्या महिन्यात तुमची मुदत संपते. वाढवणं कठीण आहे."

घरी येऊन मी रडले, मग चिडले. तक्ता बाजूला सारला आणि सगळ्या शिवाराचा नकाशा काढला. जिथं रेघा जास्त, तिथं लाल पेन्सिल दाट. रंगवून झाल्यावर पाहिलं, तर सगळा लाल रंग एका कोपऱ्याकडे गोळा झालेला. तिथं आमचा गोठा. गोठ्यामागं पऱ्हाटीची गंजी, गेल्या हंगामातली कपाशी उपटून मायनं वर्षभराच्या चुलीसाठी रचलेली.

नकाशा फाडावासा वाटला. तरी सकाळी साहेबांपुढे ठेवला. लाल कोपऱ्यावर बोट ठेवून त्यांनी तिथं काय आहे ते विचारलं. मग जीप काढून थेट आमच्या गोठ्यामागं आले. गंजीतली वाळकी बोंडं फोडली. आत अळीचे रिकामे कोष, पतंग केव्हाच उडून गेलेले; काही बोंडांत अळ्या अजून होत्याच.

"तीन आठवडे मी तक्तेच पाहत होतो," साहेब म्हणाले. "तक्ता दुसरं कोणी भरेल. तुमची मुदत वाढवून घेतो, तुम्ही नकाशे काढा."

ते गेल्यावर माय जवळ आली. "काय म्हणे वं साहेब?"

"अळी आपल्याच गंजीतून सुटली. गंजी मोडा लागन."

माय गंजीकडे पाहत राहिली. वर्षाचं सरपण होतं ते.

"अन् तुही नोकरी?"

"राह्यली."

तिनं पदर खोचला. "मंग उभी कायले हायेस? धर तिकून," म्हणाली, आणि पहिली मोळी स्वतःच ओढली.