अनंताच्या मुळाशी चुना

कॉलेजच्या भिंतींना चुना लावणाऱ्यांनी जाताना आपल्या बादल्या अनंताच्या वाफ्यात धुतल्या होत्या. पानं पिवळी पडली, म्हणून माळीमामा आज ती झाडं उकरून लाल मातीच्या कुंड्यांत लावत होते. मी बघत उभा राहिलो. मुळांभोवती पांढरा लगदा होता आणि त्यात मेलेली गांडुळं चिकटलेली.

"याला आंबट माती लागते, आणि हे चुना ओततात," मामा म्हणाले. "स्वतःच्या ताटात धुतल्या असत्या का बादल्या?"

मलाही त्या माणसांची किळस आली. जिथून कोणी उठून भांडायला येणार नाही, अशीच जागा माणूस घाण ओतायला शोधतो, असं वाटलं. मग मनात चरकलो. माझे वडील रंगकाम करतात. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जातो. काम संपलं की जवळच्या झाडाखाली बादली मीच रिकामी करतो. त्यातलं एखादं झाड पुढे जगलं का, हे बघायला कधी गेलो नाही.

"मामा, आम्हीपण असंच करतो," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "मग बस खाली. धू ही मुळं. हळू, तुटतील."

मी बसलो. चुना सहज सुटत नव्हता.