ताटातलं पाणी

माझा नवरा जेवण झालं की ताटातच हात धुवायचा. त्यात विशेष काही नाही, आमच्याकडे पुष्कळ पुरुष तसंच करायचे. पण तो चूळही त्याच ताटात टाकायचा आणि ताट माझ्याकडे सरकवून म्हणायचा, "घे, यातच वाढून घे." ते पाणी ओतून टाकायचं नाही. त्याच्यावरच भात वाढायचा, आणि तो समोर बसून मी खाते की नाही ते बघायचा. खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी जेवण बंद. बाहेर मात्र कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. कचेरीतला कारकून. महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्याला सगळे सज्जन म्हणत.

एका दुपारी नेसत्या साडीनिशी मी माहेरी निघून आले. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. ते म्हणाले, "समाजाचे लोक बसवू, काडीमोड करून टाकू." पण ते लोक मला समजूत घालून परत पाठवणार, हे मला ठाऊक होतं. कायदा नुकताच बदलला होता, छळापायी कोर्टात घटस्फोट मिळतो असं ऐकलं होतं. मी कोर्टाचाच हट्ट धरला.

थोरल्या भावाने सदर भागातला एक वकील गाठला. बाबाही सोबत आले. खोलीत वकिलाचा मुन्शी होता, बाकावर दुसरे दोन पक्षकार बसले होते. त्यांना कुणी बाहेर जायला सांगितलं नाही.

"मारतो का?" वकिलाने विचारलं.

"नाही."

"दारू? हुंडा?"

"नाही."

मग मी ताटाचं सांगितलं. वकील हसला. "अहो बाई, नवऱ्याचं उष्टं आपल्याकडे बायका आवडीने खातात. जज्जसाहेब काय म्हणतील? बरं, रात्रीचं काय? ते सांगा. उघडून सांगा, इथे लाजायचं नाही."

मुन्शीने लिहिणं थांबवून मान वर केली. बाकावरचा एकजण पुढे सरकून बसला. बाबा उठले आणि टोपी हातात घेऊन व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. वकिलाने मग दुसरंच विचारलं, "घरात अजून कोण?"

"मोठी जाऊ. विधवा आहे."

त्याचा चेहरा उजळला. "मग झालं की काम! दिरा-भावजयीचं प्रकरण लिहू. पटकन पटतं."

"मस्त होऊन जाईल साहेब," माझा भाऊ म्हणाला.

बाबा पायीच पुढे निघून गेले. घरी जाताना रिक्षात भाऊ भलताच खुशीत होता. "दार उघडं होतं असं सांगजो. तू पाणी घ्याले उठली अन् पायलं, असं." कुठल्या खोलीत, कुणाच्या अंगावर काय होतं, तो एकेक रचत होता आणि मला दाखवत होता. ज्याच्या कडेवर मी वाढले त्याच्या तोंडून हे ऐकताना मला शिसारी आली. रिक्षातून उतरले आणि नालीवर ओकले.

जाऊ बुधवारीच्या बाजारात भाजीला यायची. मी तिला तिथे गाठलं आणि वकील काय लिहिणार आहे ते सगळं सांगून टाकलं. ती रडेल, मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने पिशवी खाली ठेवली.

"तू गेली तवापासून ते ताट मले देऊन राहिला तो," ती म्हणाली.

"अन् तुम्ही खाता?"

"मंग काय करू वं?" पिशवी उचलत म्हणाली, "तू खरं तेच लिव. मी सांगीन सायबाले."

पुढच्या खेपेला मी भावाला नेलं नाही, तिला नेलं. डोक्यावरचा पदर न हलवता तिने सगळं सांगितलं. वकील म्हणाला, "साक्ष दिलीत तर घर जाईल तुमचं."

"जाऊ द्या. काटोलले भाऊ हाय माया."

वकील आता हसला नाही. पण त्याला वाईट वाटलं म्हणून नव्हे. "साक्षीदार पक्का आहे," तो मुन्शीला म्हणाला आणि हात चोळले. त्याने मागवलेला चहा मला पिववला नाही.

मुन्शीने अर्ज वाचून दाखवला: प्रतिवादी अर्जदारास उष्टे अन्न ग्रहण करण्यास भाग पाडत असे.

"चूळ लिहा," मी म्हटलं.

"अर्जात असं लिहीत नाहीत, बाई."

"लिहा. मी ते गिळलंय."

त्याने लिहिलं, मग मी सही केली. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात अर्ज दाखल झाला, त्यात साक्षीदार म्हणून जावेचं नाव होतं. नवऱ्याचं उत्तर आलं, त्यात त्याने सख्ख्या भावाच्या बायकोवर तेच शिंतोडे उडवले होते जे आमच्या वकिलाला सुचले होते: ती आपल्या मागे लागली होती, दाद दिली नाही म्हणून खोटं बोलते. उत्तर पोचलं त्याच दिवशी तिने ट्रंक उचलली आणि काटोलची बस धरली. साक्षीला मात्र ती प्रत्येक तारखेला आली. कोर्टात तिला काय काय विचारलं गेलं ते मी लिहिणार नाही.

घटस्फोट मिळाला. लोक म्हणाले, सुटलीस. मला त्या दिवशी फक्त डोक्यावरून अंघोळ करावीशी वाटली. जाऊ काटोललाच राहिली, भावाच्या संत्र्याच्या दुकानात बसू लागली. मी वर्षातून दोनदा तिच्याकडे जाते. माझा भाऊ अजून लग्नाकार्यात सांगतो, "बहिणीची केस मीच लढलो." तो सुरू झाला की मी उठून बाहेर जाते.