जर्मनला सुतक नसतं

मंगरूळपीरला आमचं भंगाराचं दुकान आहे, आणि ते उभं केलं माझ्या सासूबाईंनी. डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव हिंडायच्या, फुटक्या जर्मनच्या बदल्यात मुरमुरे-फुटाणे द्यायच्या. ॲल्युमिनियमला आम्ही जर्मनच म्हणतो. चाळीस वर्षं असं राबलेली बाई मागच्या वर्षी न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आठवडाभरात चालतं केलं नाही, तर पुन्हा उठायच्या नाहीत."

आता वॉकर आमच्याकडे कमी येतात का? घरातलं म्हातारं माणूस गेलं, तेरावं झालं, की वॉकर भंगारात. शेजारी फुकट दिला तरी घेत नाहीत, मेलेल्याचा म्हणून. माझं डोकंच फिरतं. अहो, तुमच्या गॅसवरची नवी कोरी कढई कुठून आली? आमच्या दारातून माल जातो, भट्टीत वितळतो, तोच पुन्हा चकाकत बाजारात येतो. नुसत्या खाणीच्या मालावर भागलं असतं तर व्यापाऱ्यांनी आम्हाला रोज फोन कशाला केले असते? किती मेलेल्यांची ताटं-पातेली तुमची भाजी शिजवतात, देव जाणे! जर्मनला सुतक नसतं.

हेच सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "इस्तवातून निघाल्यावर नसते. त्याच्या अगुदर असते."

घ्या! 

नवरा नवा वॉकर आणायला तयार होता. पण मेडिकलमधला पाहिला तर पातळ नळीचा, हात टेकला की लचकणारा. दुकानात मात्र चांगला जाडजूड पडलेला. मग मी लबाडी केली. तो चिंचेनं घासला, मुठी बदलल्या, खाली नवी रबरं बसवली आणि प्लास्टिक गुंडाळून खाटेजवळ ठेवला. "आई, अकोल्याहून नवा मांगवला तुमच्यासाठी."

त्यांनी नळीवर नखानं टिचकी मारली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. असे पाच दिवस गेले. पाय सुजायला लागले. भीती वाटली की मला रागच येतो, ही माझी खोडच आहे. सहाव्या दिवशी सकाळी मी ओरडलेच, "उठा म्हनतो ना! पडूनच राह्यचं असंन तर तसं सांगा!" बोलले आणि मलाच रडू फुटलं. या बाईनं मला हातात तुकडा घेऊन माल ओळखायला शिकवलं. पोटच्या पोरीसारखं वागवलं. ती अशी खाटेला खिळून जायची, हे मला सोसवत नव्हतं.

"आन इकडं थो वॉकर," त्या म्हणाल्या.

वॉकर मांडीवर उलटा घेतला. एकेक रबर ओढून काढलं. आतली नळीची टोकं तिरपी घासलेली होती. रबर बसवताना मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

"कोनाचा व्हय?"

आता खोटं बोलवेना. "केनवडच्या एका म्हाताऱ्याचा. त्याच्या सुनेनं आनून देल्ला. रडत होती बिचारी."

"खाटेवर पडून मेला का?"

"नाई. मरायच्या आदल्या दिवशीही पारापर्यंत जाऊन आला म्हने."

त्या बराच वेळ त्या टोकांवरून अंगठा फिरवत राहिल्या. "रबर झिजून गेलं तरी चालूनच राह्यला बुढा," स्वतःशीच बोलल्या. मग माझ्यावर खेकसल्या, "पाह्यतं काय? बसव रबर."

दोन्ही मुठी धरून त्या उठल्या. ओठ दाताखाली, कपाळावर घाम. एक पाऊल. दुसरं. मी मागून दोन्ही हात पसरून चालले होते, पडल्या तर झेलायला.

"हात काढ," त्या म्हणाल्या. "थो पारापर्यंत गेला, मी काय दुकानापर्यंतही नाई जाऊ?"