खापरच्या डब्याची तारीख

खापरला आप्पांच्या घरी मी एक डबा बसवला होता. आप्पा तारखात्यातून निवृत्त झालेले, काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. त्यांच्याकडे हॅम रेडिओचा परवाना होता, हातात धरायचा सेटही होता. पण डोंगराच्या कुशीतून त्यांचा आवाज चार-पाच मैलांपलीकडे जात नसे. डबा म्हणजे एक छोटा संगणक आणि त्याला जोडलेला रेडिओ. आप्पा सेटवर बोलायचे, डबा तो आवाज इंटरनेटवरून आमच्या हौशी मंडळींच्या जाळ्यात पोचवायचा. त्या जाळ्यात व्हीपीएनशिवाय शिरता येत नाही. ओळख पटली की मधे एक बंदिस्त वाट तयार होते, एवढंच.

सकाळी सात वाजता आम्ही पंधरा-वीस जण त्या जाळ्यावर हजेरी लावायचो. मी नंदुरबारहून. तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळते, कॉलेजला निघण्यापूर्वी तेवढा वेळ मिळतो. मे महिन्यात एका वादळी पावसानंतर आप्पांची हजेरी थांबली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"माय, मन्हा आवाज कोठेच जाई नही ऱ्हायना."

फोनवरून मी त्यांच्या सुनेला दिवे बघायला लावले, डबा बंद करून चालू करायला लावला. दिवे सगळे हिरवे. घरातलं इंटरनेटही चालू होतं. एरवी मी इथूनच डब्यात शिरून बघितलं असतं, पण शिरायची वाटही तीच, व्हीपीएनची. कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या. रविवार उजाडेपर्यंत आठ दिवस झाले. मग सकाळची एसटी पकडून तळोदा, अक्कलकुवा करत खापर गाठलं.

आप्पा पडवीत खुर्चीवर होते. सुनेने पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, रोज सकाळे बसतस. बटन दाबतस, नाव सांगतस, थांबतस. मी सांगं, आप्पा, कोणी ऐकत नही. पन आप्पा ऐकतच नहीत."

मी लॅपटॉप उघडला.

आधी मला इंटरनेट कंपनीचा संशय होता. म्हणून डबा सुनेच्या मोबाइलच्या इंटरनेटवर जोडला. तेच. मग चावी तपासली. व्हीपीएनमध्ये दोन्ही बाजूंकडे एकमेकांच्या ओळखीची लांबलचक अक्षरं असतात, त्यांना आम्ही चावी म्हणतो. एकेक अक्षर मोठ्याने वाचून ताडून पाहिलं. बरोबर होतं. माझ्या लॅपटॉपची वेगळी चावी होती, त्यावरून त्याच घरातून जाळ्यात लगेच शिरता आलं. म्हणजे दोष डब्यातच. डबा पलीकडे हाक मारत होता आणि पलीकडून उत्तर येत नव्हतं. दुपारचे दोन वाजले. डब्यातलं मेमरी कार्ड पुसून सगळं नव्याने भरावं असं मी ठरवलं आणि तसं आप्पांना सांगितलं.

"पुस," ते म्हणाले. "पन पहिले येळ दख. डबामा आज तारीख काय शे?"

मी तारीख विचारायची आज्ञा दिली. डब्यात एप्रिल चालू होता.

या डब्याला स्वतःचं सेलवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की तो मागच्या नोंदीपासून मोजायला लागतो आणि इंटरनेटला खरी वेळ विचारून घेतो. एप्रिलमध्ये सुरक्षेसाठी म्हणून मीच त्याचा सगळा व्यवहार व्हीपीएनमधून वळवला होता, आणि विजेच्या झटक्याने कार्ड बिघडू नये म्हणून त्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय केली होती. त्यामुळे नवी नोंद झालीच नाही आणि वादळात वीज गेल्यावर तो थेट एप्रिलमधल्या त्या दिवसावर परतला. जुन्या तारखेची हाक पलीकडचा संगणक फसवणूक समजून टाकून देत होता. वेळ मिळाल्याशिवाय वाट उघडत नव्हती आणि वाट उघडल्याशिवाय वेळ मिळत नव्हती.

मी हाताने वेळ भरली. दोन सेकंदांत उत्तर आलं. मग वेळ विचारण्यापुरती व्हीपीएनच्या बाहेरून मोकळीक दिली, डबा दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा नीट जोडला गेला.

"आप्पा, चूक माझी होती," मी म्हणाले. "मीच फिरवलं होतं ते."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मन्हा हातथीन एकदाव तारवर तारीख चुकनी व्हती. एक पोरगा नोकरीनी मुलाखतले दुसरा दिवस गया. तवयपासून मी पहिले तारीख इचारस."

"पुढे काय झालं त्याचं?"

"माहीत नही. मी इचारं नही कधी."

सुनेने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवून मी साडेचारची गाडी धरली.

सोमवारी सात वाजता आप्पांची हजेरी लागली. नाशिकच्या एकाने विचारलं, इतके दिवस कुठे होतात? आप्पा शाळेतल्या मराठीत म्हणाले, "मी इथेच होतो. बोलत होतो." मग खापरला ढग आहेत, वारा नाही, एवढं सांगून त्यांनी पुढच्याला जागा दिली. पुढची मीच होते. बटण दाबायला मला जरा उशीर झाला.